मनगटाच्या थीसिससाठी प्रश्नावली निवडताय? आधी ती कोणत्या हाताबद्दल विचारते ते बघा

सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) गेली आणि आता डॅश (खांद्यापासून बोटांपर्यंत अख्ख्या हाताच्या त्रासाची प्रश्नावली) घ्यावी की पीआरडब्ल्यूई (पेशंटने स्वतः भरायची, फक्त मनगटाची प्रश्नावली) यावर अडला असाल, तर थांबा. सीनियरच्या थीसिसमधून प्रश्नावली उचलायची, क्रॉनबाख अल्फा हा आकडा काढायचा आणि मोकळं व्हायचं, हा शॉर्टकट मला पटत नाही. गाइड खूश होतात, ते सोडा. अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्न एकमेकांशी जुळतात, एवढंच. ते तुमच्या पेशंटला लागू पडतात का, हे अल्फा सांगत नाही.

मी फसले डॅशमध्ये. ३० प्रश्न, ० ते १०० स्कोअर, जास्त म्हणजे त्रास जास्त, हे सगळ्यांना पाठ असतं. सूचना मात्र कुणी वाचत नाही. तिथे सांगितलंय की काम कोणत्या हाताने केलं ते बघू नका, जमतं का तेवढं सांगा. आता डावं मनगट मोडलेली, उजव्या हाताने कामं करणारी काटोलची बाई घ्या. किल्ली फिरवते, लिहिते, पिशवी उचलते. प्लास्टर असतानाच या प्रश्नांना 'त्रास नाही' येतं. पुढे मनगट खरंच सुधारलं तरी तिथे स्कोअर उतरायला जागाच नसते, आणि तुम्ही लिहिता, उपचाराने फरक नाही. फरक पडला होता बाप्पा, प्रश्नांची उत्तरं दुसरा हात देत होता! डॅश वाईट नाही. माणसाचं काम भागतं का, हे ती मोजते. एकट्या मनगटाचं विचारत नाही.

पीआरडब्ल्यूईत १५ प्रश्न: मनगटाचं दुखणं, रोजचे व्यवहार आणि 'दुखऱ्या हाताने' असं स्पष्ट विचारलेली कामं. पण त्यात मांस कापणं आहे, टॉयलेट पेपरही आहे. पेशंट हसतात किंवा भिडेने शून्य ठोकतात. कॉस्मिन (अशा प्रश्नावल्या पारखायचे आंतरराष्ट्रीय निकष) आशयाची वैधता, म्हणजे प्रश्न पेशंटला लागू पडतात आणि समजतात का, हे आधी तपासायला सांगतं ते उगाच नाही. काही पेशंटना समोर बसवून प्रश्न वाचून घ्या. भाकरी थापणं, कपडे पिळणं, कापूस वेचणं यातलं काय सुटलंय ते तेच सांगतील. मनाने प्रश्न बदलू मात्र नका, तो स्कोअर कुणाशीच ताडता येत नाही.

मिशिगन या हाताच्या तिसऱ्या प्रश्नावलीत ३७ प्रश्न, बहुतेक भागांत दोन्ही हात वेगळे, आणि वेदनेचा भाग सोडला तर जास्त स्कोअर म्हणजे चांगलं. एक्सेलमध्ये स्कोअरची दिशा तपासा, डॅशच्या ती उलटी आहे.

स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका, ते जमतं. रिटेस्टला (त्याच पेशंटकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेताना) पीअर्सनचा सहसंबंध नको, आयसीसी (दोन्ही वेळचे स्कोअर किती जुळतात तो आकडा) काढा. सगळ्यांचे स्कोअर दहाने वाढले तरी पीअर्सन १, म्हणजे पूर्ण जुळणीच दाखवतो.

आणि डॅशचा एकविसावा प्रश्न शरीरसंबंधांचा आहे. ओपीडीत शेजारी सासू बसलेली असताना तो रिकामाच येणार. ३० पैकी २७ उत्तरं असली की स्कोअर निघतो, तेवढ्यासाठी पेशंट वगळू नका. चार रिकामे असले तर मात्र इलाज नाही.