युद्धस्मारकाचा दगड धुताना कोरलेली नावं कशी जपायची

कार्यक्रम तोंडावर आला की तारेचा ब्रश आणि ॲसिड बाहेर निघतं. दगड तासाभरात लख्ख होतो, पण अक्षरांच्या कडा कायमच्या जातात. थोडा डाग राहिला तरी चालेल, नाव जाता कामा नये. म्हणून हे काम निदान २ महिने आधी काढा.

पहिल्यांदा फोटो. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने आडवा उजेड टाका. पुसट अक्षरंही सावलीमुळे उठून दिसतात. दिवसा आरशाने ऊन वळवूनही हे जमतं. वाचता यावं म्हणून अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका, त्याचे कण छिद्रांत अडकून बसतात. नावं जशी कोरली आहेत तशीच, शुद्धलेखन न सुधारता, उतरवून ठेवा.

मग दगडावरून हलकेच बोट फिरवा. हाताला रवाळ भुकटी लागली, पापुद्रे सुटत असले किंवा टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर तो भाग धुऊच नका. तिथे दगडाच्या संवर्धनाचा जाणकारच हवा.

धुवायला साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि लाकडी पट्टी पुरते. आधी दगड भरपूर भिजवा. हातभर भाग घेऊन खालून वर घासत जा, कारण वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात मुरून ओघळ उमटतात. प्रत्येक भाग लगेच धुऊन काढा. मळ निघत नसेल तरच १० लिटर पाण्यात १५ मिलिलिटर नॉन-आयोनिक साबण (पाण्यात विद्युतभारित कण न होणारा सौम्य द्रव साबण) घाला. दगडफुलं ओली करून, मऊ पडल्यावर लाकडी पट्टीने उचला. मुळाशी चिकटून राहिलेली ओरबाडू नका. काही आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करा.

संगमरवर आणि चुनखडी ॲसिडमध्ये विरघळते, त्यामुळे लिंबू-व्हिनेगरही नको. ब्लीचमधले क्षार छिद्रांत मुरतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभाग सोलवटतो. तारेच्या ब्रशचे बारीक तुकडे दगडात रुतून गंजतात. प्रेशर वॉशर सांध्यांतला चुना उडवतो. पाणी आत जाऊ नये म्हणून चकाकी देणारा लेप लावण्याचा मोह होतो, पण त्याने आतली ओल कोंडली जाते.

ब्राँझची पाटी असेल तर पितळ चमकवायचं पॉलिश लावू नका. ते दर वेळी धातूचा थर खातं आणि उठावातली अक्षरं सपाट करतं. धुऊन, पूर्ण वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून काढलेलं, अगदी बारीक स्फटिकांचं मेण) पातळ हात द्या. पाटीचे स्क्रू लोखंडी आहेत का तेही पाहा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगडाला तडा देतो. ते बदलून स्टेनलेस स्टीलचे लावा.

अक्षरांत रंग भरायचा तर तो मुळात होता का, हे कोपऱ्यांत उरलेल्या कणांवरून ठरवा. सच्छिद्र दगडात रंग कडेने पसरतो आणि नाव आणखी अस्पष्ट होतं. फारच झिजलेली नावं पुन्हा खोल कोरू नका. उतरवून घेतलेली यादी घरच्यांना दाखवून तपासा आणि शेजारी वेगळ्या पाटीवर लावा.