फ्लॅशचे धडे टॅबलेटवर नेण्याआधीची तयारी

मुलांच्या हातात टॅबलेट आले, पण फ्लॅश या अ‍ॅडोबी कंपनीच्या, ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या जुन्या तंत्रात बनवलेला धडा उघडला की पानाच्या मधोमध नुसता रिकामा चौकोन दिसतो. यात टॅबलेटचा दोष नाही. आयपॅडने 2010 पासून फ्लॅश कधीच चालवलं नाही, अ‍ॅडोबीने नोव्हेंबर 2011 मध्ये मोबाइलच्या फ्लॅशवरचं काम थांबवलं आणि 12 जानेवारी 2021 पासून तर फ्लॅश प्लेअरने संगणकावरही मजकूर दाखवणं बंद केलं. जावा अ‍ॅपलेट आणि सिल्व्हरलाइट या तशाच जुन्या प्लगइनांची (ब्राउझरला जोडायच्या जादा प्रोग्रॅमची) गत वेगळी नाही. तेव्हा ‘एखादं अ‍ॅप टाकून बघू’ हा विचार सोडा.

आधी मोजदाद करा. सर्व्हरवर एसडब्ल्यूएफ (तयार फ्लॅश धडा), एफएलव्ही (फ्लॅश व्हिडिओ) आणि जार (जावाचा प्रोग्रॅम) फाइली शोधून त्यांचा तक्ता बनवा: फाइल कोणत्या पानावर आहे, कोणत्या धड्याची आहे, तिची मूळ फाइल कुणाकडे आहे आणि आज ती कुणी शिकवताना वापरतं का. हा शेवटचा रकाना शिक्षकांना विचारूनच भरायचा. पानं उलटणारं पुस्तक, वाजतगाजत येणारं शीर्षक असला बराच ऐवज इथेच गळतो. गळू द्या, त्यासाठी हळहळायचं कारण नाही.

उरलेल्यांसाठी मूळ एफएलए फाइली (ज्यात बदल करता येतात त्या) शोधा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्क, सीडी आणि काम करून देणाऱ्यांचे ईमेल चाळणं आलं. एफएलए सापडली तर ती अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेटमध्ये उघडून एचटीएमएल5 कॅनव्हासमध्ये, म्हणजे ब्राउझर प्लगइनशिवाय दाखवू शकेल अशा रूपात, काढता येते. चित्रं आणि हालचाल बऱ्यापैकी येतात, फ्लॅशचा कोड म्हणजे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट मात्र येत नाही. ते सगळं जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावं लागतं, त्यामुळे वेळेचा अंदाज चित्रं मोजून नव्हे, कोड बघून बांधा. नुसती एसडब्ल्यूएफ हाती असेल तर डीकंपायलरने (तयार फाइल उकलणाऱ्या साधनाने) चित्रं आणि आवाज बाहेर काढता येतात, पण आधी हक्क कुणाचे ते तपासा. देवनागरी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर बाहेर आल्यावर त्याचा अगम्य गोंधळ झालेला असतो. फॉन्ट कोणता ते कळलं तर कन्व्हर्टर वापरा, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. जोडाक्षरं दोन्ही वेळा डोळ्यांनी तपासावी लागतातच.

प्रत्येक गोष्ट नव्याने बांधायची गरज नसते. ज्यात फक्त बघायचंय तो व्हिडिओच समजा: एमपी4 करा, एच.264 चित्र आणि एएसी आवाज, सोबत उपशीर्षकं. साध्या प्रश्नमंजुषा एच5पी या परस्परसंवादी धडे बनवायच्या साधनात उतरतात. गणित-विज्ञानाच्या प्रयोगांसाठी आधी फेट (विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स) आणि जिओजेब्रा (गणिताचं साधन) बघा. दोघांकडे पूर्वी जावावर चालणारं बरंच काही आता प्लगइनशिवाय चालतं. जुन्या अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 1 आणि 2 मधल्या छोट्या गोष्टी रफल या एम्युलेटरवर (फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) बऱ्याचदा तशाच चालून जातात. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट 3 असेल तर प्रत्येक फाइल चालवून बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा तो बोटासाठी. भिंगाच्या किरणाकृतीचा धडा घ्या. माउस नाभीवर नेला की नाव दिसायचं. टॅबलेटवर माउस घिरट्या घालत नाही, म्हणजे ते नाव मुलाला कधीच दिसणार नाही. टॅप केल्यावर दिसेल असं करावं लागतं. मेणबत्ती सरकवायला जावं तर तिच्याऐवजी अख्खं पानच सरकतं. त्या भागासाठी सीएसएसमधलं (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधलं) टच-अ‍ॅक्शन बंद ठेवलं की हा त्रास मिटतो. शिवाय बोट नेमकं त्याच जागेवर असल्याने मेणबत्तीची ज्योत झाकली जाते, म्हणून पकडायची मूठ वस्तूच्या खाली काढा. बटणं निदान 44 बाय 44 पिक्सेलची हवीत. उत्तर टाइप करायचं असेल तर कीबोर्ड वर आल्यावर प्रश्न झाकला जात नाही ना, तेही बघा. आणि धडा उघडताच निवेदन आपोआप सुरू होईल असं गृहीत धरू नका. ब्राउझर बहुधा पहिल्या टॅपपर्यंत आवाज अडवून ठेवतात, त्यामुळे ‘सुरू करा’ असं बटण द्या.

गुणांची नोंद हमखास विसरली जाते. जुनी फाइल स्कॉर्ममार्फत (धड्यातून शिक्षण-प्रणालीला गुण कळवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) गुण पाठवत असेल तर नव्या धड्यात ती जोडणी पुन्हा करावी लागेल. प्रगती फक्त ब्राउझरमध्ये साठवून भागणार नाही, कारण सफारी बरेच दिवस न उघडलेल्या साइटचा असा साठा पुसून टाकते. सुट्टीनंतर मूल पुन्हा पहिल्या प्रश्नावर येईल. नोंद सर्व्हरवरच ठेवा.

चाचणी वर्गातल्या सगळ्यात जुन्या टॅबलेटवर घ्या, उभा आणि आडवा दोन्ही धरून. मूळ फाइलींची एक प्रत बाजूला जपा, पानांचे पत्ते बदलले असतील तर जुन्यावरून नव्याकडे वळवा, आणि ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ ही सूचना जिथे जिथे उरली असेल तिथून आजच काढा. खोट्या फ्लॅश प्लेअरच्या नावाखाली व्हायरस पसरवण्याचा धंदा फार जुना आहे, आणि मूल त्या बटणावर बोट ठेवणारच.