ढाबळीची जमीन: या चुका टाळा

कबुतरं आणायच्या आधी जातीवर, डोळ्यांच्या रंगावर, उडण्याच्या तासांवर तासन्‌तास चर्चा होते. जमिनीचा विषय मात्र पिल्लं मरायला लागल्यावर निघतो. ढाबळीची, म्हणजे कबुतरांच्या घराची, जमीन थोडी कळकट असली तरी भागतं, ओली राहिली की भागत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच.

रोज पाण्यानं धुणं. ही चूक सगळ्यात महागात पडते. गच्चीवर कोबा, हातात पाइप, जुलै महिना. मालक रोज सकाळी जमीन लख्ख करतो. आठ-दहा दिवसांत खोप्यातून नुकती खाली उतरलेली पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसतात, छातीचं हाड हाताला लागतं, विष्ठा हिरवी आणि पातळ होते. मग दुकानातून अँटिबायोटिकची पुडी येते. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. कारण आजार बऱ्याचदा कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा, असतो. त्याची अंडी ताज्या विष्ठेत निरुपद्रवी असतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. पावसाळी हवेत धुतलेला कोबा दिवसभर सुकत नाही, म्हणजे ती ओल आपणच पुरवतो.

पाइप गुंडाळून ठेवा. रंगाऱ्याकडची चार इंची पत्ती घ्या आणि रोज खरवडा. भल्या पहाटे नको. रात्रीची विष्ठा तेव्हा ओली असते आणि जमिनीवर सारवली जाते. पक्षी उडायला सोडल्यावर, ती वाळली की पापुद्र्यासारखी निघते. खराट्यानं धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं कायमची आखडू शकतात, म्हणून एन-९५ मास्क लावल्याशिवाय आत जाऊ नका. जमीन कोरडी असली तर कोणत्या बैठकीखाली पातळ विष्ठा पडली तेही दिसतं आणि आजारी पक्षी आधी सापडतो. विष्ठा तपासून पशुवैद्य सांगतील तेच औषध द्या.

चुकीची जाळी. जाळीची जमीन उत्तम, पण लोक स्वस्तातली अर्धा बाय अर्धा इंचाची बारीक तारेची जाळी आणतात. तारांच्या सांध्यांवर विष्ठा साचते, त्यात पिसं चिकटतात, आणि थोड्याच दिवसांत भोकं बुजून खाली जाळी, वर शेणगोळा अशी स्थिती होते. बारीक तार मधे झोळते आणि तळव्यांना रुततेही. एक बाय अर्धा इंचाची, १४ गेजच्या जाड तारेची वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली जाळी) घ्या. दोन बाय तीन फुटांच्या सुट्या चौकटी करा, एकट्याला उचलता येतात. खाली दर दीड फुटाला आधार द्या. जस्ताचे टोकदार कण कानशीनं घासून टाका.

जाळीखाली किमान फूटभर मोकळी जागा हवी, म्हणजे फावडं आत जातं. चार इंच जागा सोडून “नंतर बघू” म्हणणाऱ्यांकडे पावसाळ्यात अळ्या होतात आणि मागोमाग उंदीर येतात. जाळी लावली म्हणजे साफसफाई संपली, हा नवख्यांचा आवडता समज आहे. विष्ठा फक्त खाली गेलेली असते, आठवड्याला ती काढावीच लागते.

प्लायवूड वापरायचं तर १८ मिमी जाडीचं, आयएस ७१० शिक्क्याचं (पाण्याला टिकणारं मरीन प्लाय). साधं कमर्शियल प्लाय ओल लागली की थर सोडतं. कापलेल्या कडांना प्रायमर द्या, वरच्या बाजूला ऑइलपेंट नको. पाय घसरतात आणि पक्षी पापुद्रे टोचून खातात.

कोबा असेल तर चार फुटांना एक इंच उतार दाराकडे ठेवा.

पाण्याचं भांडं नुसतं जमिनीवर ठेवू नका. खाली जाळी, त्याखाली तबक. ढाबळीतली सगळ्यात ओली जागा हीच असते, आणि दाणा नेमका तिच्या शेजारीच टाकला जातो. दाण्याला लाकडी गव्हाणी करा.

भाताचं तूस किंवा भुसा अंथरून महिनोन्‌महिने न काढण्याची पद्धत कोरड्या हवेत कशीबशी चालते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याला बुरशी येते, ती श्वासातून फुप्फुसात जाते.

खोप्यात वर्तमानपत्र घातलं की पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि वेळेत लक्ष गेलं नाही तर तसेच राहतात. मातीची परळ (उथळ भांडं) ठेवा, त्यात खराट्याच्या काड्या.

कळीचा चुना भुरभुरवू नका, पाय भाजतात. ब्लीचिंग पावडर विष्ठेवर टाकली तर अमोनियाशी मिळून विषारी वायू सुटतो, आणि कॉक्सिडियाची अंडी त्यानं मरतही नाहीत. ती उष्णतेनं मरतात. एप्रिल-मेमध्ये एकदा पक्षी बाहेर काढा, जमीन खरवडा, कोब्यावर उकळतं पाणी ओता आणि दिवसभर कडक उन्हात उघडं ठेवा. संध्याकाळी कोब्यावर तळहात टेकवून बघा; गार, दमट लागला तर पक्षी त्या रात्री आत घेऊ नका.