फ्लोअर हीटिंग चालू आहे पण फरशी गारच? आधी हे करून बघा

आई डिसेंबरात सांगलीहून आमच्याकडे जर्मनीत आली, पहिल्याच सकाळी किचनमधल्या टाइलवर पाय ठेवला आणि म्हणाली, "अरे, जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत म्हणतोस, मग हे इतकं गार कसं?" मी शहाणपणा करून थर्मोस्टॅट २५ वर नेला, संध्याकाळपर्यंत काही फरक नाही आणि रात्री दोनला आम्ही सगळे पांघरुणं फेकून खिडक्या उघडतोय.

तर कशाला हात लावायच्या आधी फरशीचं तापमान मोजा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो तो चालेल, फक्त चकचकीत टाइलवर तो गंडू शकतो म्हणून मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा. आमच्याकडे खोली २१ आणि फरशी साडेबावीस निघाली, म्हणजे सगळं नीट चालू होतं! फरशी हवेपेक्षा एक डिग्री गरम असली की चौरस मीटरमागे साधारण १० वॅट देते आणि आमच्यासारख्या पॅसिव्ह हाऊसला (आतली ऊब जवळजवळ बाहेर जाऊच देत नाही असं घर, पहिलं १९९१ मध्ये जर्मनीतच डार्मश्टाटला झालं) कडाक्याच्या थंडीतही साधारण तेवढंच पुरतं. ऊब बाहेर निसटणाऱ्या जुन्या घरात फरशी २७-२८ पर्यंत तापवावी लागते म्हणून तिथे पायाला मस्त ऊब लागते, इथे तेवढी तापवली तर उकडून निघाल. युरोपच्या नियमानुसार राहत्या खोलीत २९ च्या वर न्यायचीच नाही. बरं, लाकडी फ्लोअर त्याच तापमानाला टाइलपेक्षा कमी गार लागतं, कारण ते पायातली उष्णता हळू ओढतं, घर बांधणार असाल तर हे आत्ताच लक्षात ठेवा.

मोजून झालं की नाइट मोड (रात्री आपोआप हीटिंग कमी करणारी सेटिंग) बंद करा. नळ्यांवर चार-पाच सेंटीमीटरचा सिमेंटचा थर असतो, तो तापायला आणि निवायला तासन्तास घेतो, रात्री कमी करून सकाळी वाढवण्यात काही हशील नाही.

आता मेन काम, बाहेर शून्याच्या आसपास असेल आणि ऊन नसेल असे दिवस बघून करा. सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट फुल उघडा आणि हीट पंपावर (बाहेरची उष्णता ओढून नळ्यांतलं पाणी तापवणारं यंत्र) हाइत्सकुर्वे म्हणून सेटिंग असते (बाहेर किती थंडी असताना पाणी किती गरम करायचं ते), ती ०.१ ने खाली आणा आणि दोन दिवस गप्प बसा. दोन दिवस म्हणजे दोन दिवस, मी दर तासाला जाऊन बटणं दाबायचो आणि मग कशामुळे काय झालं तेच कळेना. घर थोडं गार वाटेपर्यंत असं उतरत जा, मग एक पायरी वर या. पाणी एक डिग्री कमी गरम लागलं की पंपाची वीज साधारण अडीच टक्के वाचते.

तरीही एक खोली तापते आणि दुसरी गारठते? मग भिंतीतल्या पत्र्याच्या कपाटात मॅनिफोल्ड (जिथून प्रत्येक खोलीच्या नळ्या फुटतात तो) असतो, त्यावरच्या छोट्या काचनळ्यांत प्रत्येक खोलीला किती पाणी जातंय ते दिसतं. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग तापणाऱ्या खोलीचं पाणी थोडं कमी करा, गार खोलीचं आपोआप वाढतं. भाड्याच्या घरात मात्र मालकाला विचारल्याशिवाय याला हात लावू नका.

बाथरूमला २४ हवं असतं, त्या एका खोलीसाठी अख्ख्या घराचं पाणी गरम करू नका, टॉवेल वाळवायचा इलेक्ट्रिक रॉड लावून टाका. जाड गालिचेही उचला, खालची ऊब अडते. आईला आम्ही लोकरीच्या सपाता आणून दिल्या.