अलाबामा हिल्समध्ये चित्रीकरण: आधी जमीन कोणाची ते पाहा

कॅलिफोर्नियाच्या इन्यो काउंटीत, लोन पाइन गावाजवळच्या अलाबामा हिल्समध्ये, जाहिरातपटाचे चित्रीकरण करायचे असेल, तर जागा पसंत पडताच तारखा ठरवू नयेत. आधी जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे नकाशावर तपासावे. गोलसर, तांबूस खडकांचा हा परिसर २०१९ पासून राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्र असून तो केंद्राच्या भूव्यवस्थापन विभागाकडे आहे. मागे दिसणाऱ्या माउंट व्हिटनीचा पूर्व उतार वनखात्याकडे येतो आणि खालच्या ओवेन्स खोऱ्यातील बरीच जमीन, रस्त्याने ३०० किलोमीटरांहून दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहराच्या पाणी व वीज खात्याच्या मालकीची आहे. म्हणून कॅमेरा थोडा सरकवला तरी परवानगी देणारे कार्यालय बदलू शकते. महामार्ग ३९५ वर गाडी धावताना टिपायची असल्यास राज्याच्या चित्रपट आयोगाकडे वेगळा अर्ज करावा.

या खडकांमधून जाणारा मूव्ही फ्लॅट रोड कच्चा आहे. जनरेटरचा ट्रक कडेच्या झुडपांत उतरवला, तर वाळवंटी मातीवरची चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही. त्यामुळे ट्रक कोठे उभा राहील हे जागापाहणीच्या दिवशीच खुणा करून ठरवावे. उन्हाळ्यात व्हिटनीच्या गिर्यारोहकांची गर्दी असते, तेव्हा खोल्याही आधीच राखून ठेवाव्यात.