सार्वजनिक आरोग्यात पीएच.डी. करताय? या चुका टाळा

सार्वजनिक आरोग्यातली पीएच.डी. रखडते ती बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्यामुळे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, आणि ती प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. 'आधी कोर्सवर्क होऊ दे, मग विषयाचं बघू' म्हणणाऱ्यांचं पहिलं वर्ष असंच निघून जातं.

विषय ठरवताना आकडेवारी कुठून येणार, हे आधी बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) माहिती बरेच जण वापरतात. पण तिच्यातून जिल्ह्यापर्यंतचेच अंदाज निघतात, तालुक्याचे नाहीत. कौटुंबिक हिंसाचारासारखे प्रश्न तर राज्य पातळीपुरतेच विचारलेले आहेत. 'तालुकानिहाय विश्लेषण' असं शीर्षक मंजूर करून घेतलंत, तर पुढे ते बदलून घेण्यासाठी खेटे घालावे लागतील.

सर्वांत महागात पडणारी चूक एथिक्सची, म्हणजे संशोधनाच्या नैतिक मंजुरीची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला माणूस अभ्यासात घेण्याआधी लागते. 'पायलटचे वीसच तर फॉर्म आहेत' ही पळवाट चालत नाही, कारण पायलटमध्येही, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतही, माणसंच असतात. कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत, त्यात एकदा तरी शंका निघून फाइल परत येते. संमतीपत्र फक्त इंग्रजीत जोडलं असेल तर हमखास. मराठी प्रत पहिल्याच फेरीत लावा, आणि ती एखाद्या आशाताईंना मोठ्याने वाचायला सांगा. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

मंजुरी हातात आली म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचं रजिस्टर उघडत नाही. त्यासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र वेगळं लागतं. दोन्ही अर्ज सोबतच तयार ठेवा.

नमुना किती जणांचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ३८४. हा आकडा ५० टक्के प्रमाण, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून, साध्या यादृच्छिक निवडीसाठी येतो. गावं निवडून त्यांतली घरं घेणार असाल तर एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा, धरावा लागतो. तो २ आला तर तेच ७६८ होतात. संख्याशास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहितानाच गाठा. फॉर्म भरून झाल्यावर तो फक्त हळहळू शकतो.

आता हंगाम. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांवर काम आहे आणि परवानग्या दिवाळीनंतर आल्या, तर गावात म्हातारी माणसं आणि काही मुलं भेटतील. टोळ्या कारखान्यांकडे गेलेल्या असतात. अशा वेळी कुलुपं मोजत फिरू नका, किंवा घरात जे सापडतील त्यांनाच विचारून नमुना भरू नका. परतीपर्यंत थांबा, नाहीतर फडाजवळच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) जाऊन भेटा. तिथे भेटायचं तर अभ्यासाचं ठिकाण बदलतं, म्हणजे कमिटीकडून सुधारित मंजुरी घ्या, आणि कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही पत्र द्या. मुलाखती संध्याकाळी ठेवा. दिवसा सगळे तोडीवर असतात.

प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने काढली असली तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम तपासा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या जर्नलला पैसे देऊ नका.