या चुका टाळा: कबड्डीची चढाई आरपीजीच्या टेबलावर आणताना

पावसाळ्यात कोकणातल्या मैदानांचा चिखल होतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि वीज गेली तरी मेणबत्तीच्या उजेडात फासे टाकता येतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा आरपीजी (फासे टाकून गोष्टीतली पात्रं खेळवायचा खेळ) खेळणाऱ्या टोळक्यात मग कुणीतरी सुचवतंच, की मोहिमेत जत्रेतला कबड्डीचा सामना घालूया, समोर देवचारांचा, म्हणजे राखणदार भुतांचा, संघ. निमित्तही आयतं असतं: १५ जुलै, कबड्डीचे प्रसारक बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

कल्पना झकास, पण असे सामने दुसऱ्या-तिसऱ्या चढाईतच कंटाळवाणे होतात. गेम मास्टर (खेळ चालवणारा) कबड्डीला मारामारी समजतो आणि लढाईचे नियम जसेच्या तसे लावतो, तिथेच घोळ होतो. किती आत जायचं आणि कधी फिरायचं, हा या खेळातला खरा जुगार. टेबलावर तेवढा टिकवा, बाकीचं सांभाळून घेता येतं. पुढचे आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत. (ती आवृत्ती आणि प्रो कबड्डी, दोन्ही २०१४ सालची. योगायोग, पण छान.)

पाच फुटी चौकटींवर मैदान आखणं

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एका संघाची बाजू साडेसहा मीटर खोल. आरपीजीच्या नकाशावरच्या पाच फुटांच्या जेमतेम चार चौकटी. ३० फूट वेगाचं पात्र पहिल्याच फेरीत, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईतो, अंतिम रेषेवर जाऊन उभं राहतं, त्यात कसला थरार?

चौकटी विसरा, तीन पट्टे आखा. पहिला मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत (गडी न टिपता परतायचं तर ही ओलांडावी लागते), ३.७५ मीटरचा. दुसरा निदान रेषेपासून बोनस रेषेपर्यंत (हिच्यापलीकडे गेलं की जादा गुण), १ मीटरचा. तिसरा त्यापलीकडचा. आत जाताना एका फेरीत एकच पट्टा, परतताना दोन. चढाई ३० सेकंदांची आणि फेरी ६ सेकंदांची, म्हणजे पाच फेऱ्या आपोआप मिळतात. आता हिशोब करून बघा. निदान रेषा ओलांडून परत यायला तीन फेऱ्या लागतात, गडी टिपायला दोन उरतात. बोनससाठी तिसऱ्या पट्ट्यात शिरलात तर जाण्यायेण्यातच पाचही संपतात, आणि एकदा जरी कुणी अडवलं तर वेळ गेली. टेबलावरच्या माणसाला हे गणित दिसू द्या. लपवण्यात काही मजा नाही.

प्रत्येक बचावपटूला वेगळा फासा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सात बचावपटू, प्रत्येकाची पकडीसाठी स्वतंत्र झुंज, दोन्हीकडची ताकद सारखी आणि बरोबरी झाली तर चढाईपटू सुटला, असं धरलं तरी सातही जणांकडून सुटण्याची शक्यता जेमतेम शंभरात एक. शिवाय तेवढे फासे पडेपर्यंत चहा गार होतो.

एका फेरीत पकडीचा प्रयत्न एकच. पुढाकार कोण घेणार ते ठरवा, कोपरा की मधला. हात धरून केलेल्या साखळीतल्या शेजाऱ्याचे त्याच्या फाशाला +२, फार तर दोघांचे +४. पण जे जे साखळीत हात घालतील ते सगळे धोक्यात, हे आधीच बजावून ठेवा.

कारण खरी गंमत पकडीनंतर आहे. पुस्तकातल्या नियमाने पकडलेल्याचा वेग शून्य होतो. तो नियम इथे लावलात तर कबड्डीतला सगळ्यात मोठा क्षण तुम्ही हातानं मारलात: तिघे-चौघे अंगावर असताना मध्यरेषेला हात लावणारा चढाईपटू, आणि धरणारे सगळे बाद. म्हणून पकडलेल्याला दर फेरीला अ‍ॅथलेटिक्सचा एक फासा (अंगबळाची कसोटी) द्या, धरणाऱ्या प्रत्येकामागे दोन वजा. जमलं तर एक पट्टा मागे. मग पहिल्या पट्ट्यात धरावं की खोलात येऊ द्यावं, हा प्रश्न बचावालाही पडतो.

जादू मोकाट सोडणं

‘मी उडान गेलंय तर बाद कसो?’ हा प्रश्न येणारच. उत्तर नियमांतच दडलंय. बहुतेक मंत्रांना तोंडाने उच्चार लागतो, आणि चढाईपटूचं तोंड ‘कबड्डी कबड्डी’त अडकलेलं. मंत्र म्हटला की दम तुटला, पंचाने बाद दिला. क्षणात जागा बदलणारा मिस्टी स्टेपसुद्धा यात अडकतो, त्याला उच्चाराशिवाय दुसरं काही लागतच नाही. बचावपटूंचं तोंड मात्र मोकळं असतं, म्हणून संपूर्ण संघाला एका डावात एकच मंत्र द्या.

श्वास रोखण्याचा नियम दमासाठी वापरू नका. त्यात मरतुकड्या पात्रालाही किमान ३० सेकंद मिळतात, म्हणजे दम कधी तुटणारच नाही. चौथ्या फेरीपासून कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा मागा.

चार खेळाडू म्हणून चारांचा संघ

बोनस मिळायला समोर किमान सहा बचावपटू लागतात. चारांच्या संघात बोनस रेषा नुसती शोभेला. सात पूर्ण करा: चार नायक, तीन गाववाले. गाववाल्यांना नावं आणि एकेक खोड द्या, गुण फार नकोत.

बाद झालेल्याने मोबाइल काढला, तर समजा सामना हातातून चालला. त्याला समोरच्या चढाईपटूचे फासे द्या. मित्रांना बाद करायला लोक भलत्या उत्साहाने खेळतात. आणि बाद झालेला जिवंत होतो तो आपल्या संघाने गडी टिपला किंवा पकड केली की, उपचाराच्या मंत्राने नाही.

चढाई चालू असताना सल्ले बंद. हवं तर खेळाडूला खरोखर ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला लावा, सल्ला विचारायला तोंडच उरत नाही. (रात्री अकरानंतर नको. शेजारी असतात.)

पूर्ण वेळ खेळवणं

२० मिनिटांचे दोन डाव म्हणजे ८० चढाया. कुणाला वेळ आहे? दोन्हीकडून सहा-सहा चढाया पुरतात, किंवा पहिला लोण पडला (समोरचा सगळा संघ बाद झाला) की थांबा. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ ठेवाच, नाहीतर सावध खेळाडू मध्यरेषेवर घुटमळत बसतो. सुरुवातीला एकाने देवाला गाऱ्हाणं घालावं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं, आणि प्रत्येकाला सामन्यात एकदा वापरायला एक डी-फोर (चार बाजूंचा फासा) मिळावा.

राहता राहिले अंगरखे आणि शेपट्या. कबड्डीत कपडा आणि बूटही स्पर्शात धरतात, म्हणजे जादूगाराचा लांब झगा त्यालाच बाद करू शकतो. चढाईपटूला धरायचं ते हातापायांना किंवा धडाला, केसांना नाही. मांजरमानवाची शेपूट यात कुठे बसते, याचा निकाल नाणेफेकीआधी लावून टाका. नंतर विचारलंत, तर ज्याची शेपूट त्याचा नियम.